ड्राय संप : नौकेच्या इंजिनातील तेलाची तजवीज

हैदराबाद शहरात नव्याने राहावयास आलेल्या मराठी माणसाला एका शब्दाची प्रथम मोठी गंमत वाटते. घरमालक त्याला सांगतो, "संप भरला की मोटार लावा." मराठी कानाला संप म्हणजे काम बंद! येथे मात्र संप म्हणजे अंगणाखालची पाण्याची टाकी. नळाचे पाणी ठरावीक वेळी येते, ते जमिनीखालच्या या टाकीत साठते, मोटार ते गच्चीवरील टाकीत चढविते आणि तेथून ते घरातील सर्व नळांना मिळते. खालच्या टाकीने पाणी गोळा करावयाचे आणि वरच्या टाकीने ते पुरवावयाचे, अशी ही कामाची वाटणी आहे. इंग्रजीतील हाच शब्द इंजिनाच्या पोटाखालच्या तेलाच्या भांड्यालाही लावतात. आपल्याकडील मेकॅनिक त्याला 'चेंबर' म्हणतात. नौकेच्या इंजिनात हे भांडे कोरडे ठेवून तेल निराळ्या टाकीत साठविण्याची जी व्यवस्था करतात, तिला 'ड्राय संप' असे नाव आहे. ज्याने हैदराबादच्या घरातील पाण्याची व्यवस्था पाहिली आहे, त्याला ती समजणे अवघड नाही.

प्रथम इंजिनाला तेल कशासाठी लागते ते पाहू. दोन धातू एकमेकांवर घासू नयेत म्हणून तेल घालतात, हे उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे. इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. तो बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा तो वस्तुतः धातूवर टेकलेलाच नसतो. दांडा आणि बेअरिंग यांमध्ये केसाहूनही बारीक फट असते. तीत पंपाने तेल पोचविलेले असते आणि फिरणारा दांडा ते तेल स्वतःच्या गतीने पाचरीसारखे आपल्याखाली ओढून घेतो. त्या तेलाच्या पाचरीवर दांडा अक्षरशः तरंगतो. शिवाय तेच तेल बेअरिंगमधील व पिस्टनमधील उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे कण धुऊन काढते आणि गंज धरू देत नाही. सर्वसाधारण डिझेल इंजिनात या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ ते ५ किलोग्रॅम इतका असतो. हा दाब गेला की तेलाची पाचर जाते, धातू धातूला भिडतो, बेअरिंगचा मऊ थर वितळतो आणि काही क्षणांपूर्वी सुरळीत चालणारे इंजिन धरून बसते. पाणी आटले तर इंजिन थोडा अवकाश तरी देते. तेल तुटले तर तेवढाही देत नाही.

मोटारीच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या इंजिनात तेलाची सोय अगदी साधी असते. सर्व तेल खालच्या चेंबरमध्येच साठलेले असते. पंपाची नळी त्या तेलात बुडालेली असते. पंप तेल ओढतो व वर बेअरिंगना पुरवितो, आणि काम संपलेले तेल आपल्या वजनाने पुन्हा चेंबरमध्ये ठिबकते. याला 'वेट संप' म्हणतात. जमिनीवर उभ्या असलेल्या इंजिनाला ही सोय उत्तम आहे. पण तिच्या मुळाशी एक गृहीत धरलेले आहे, आणि ते म्हणजे चेंबर सपाट राहील व तेल नळीच्या तोंडाशी राहील. नौका हे गृहीत मानीत नाही.

पाण्यावर सपाटी कायमची नसते, हे हैदराबादकरांना निराळे सांगावयास नको. इब्राहीम कुली कुतुबशहाच्या काळात, सोळाव्या शतकात, बांधलेल्या हुसेनसागरावर दिनांक १० मार्च १९९० रोजी ग्रॅनाइटची अखंड बुद्धमूर्ती तराफ्यावरून नेत असताना तोल गेला, मूर्ती तळाशी गेली आणि मनुष्यहानीही झाली. ती मूर्ती पुढे डिसेंबर १९९२ मध्ये वर काढून तलावाच्या मध्यावरील चौथऱ्यावर उभी करण्यात आली. त्या अपघाताचा इंजिनाशी संबंध नव्हता. परंतु शांत दिसणाऱ्या तलावावरही भार कलला म्हणजे काय होते, याचे स्मरण ती मूर्ती आजही करून देते. मग समुद्राची कथा काय वर्णावी? मोठ्या जहाजांच्या मुख्य यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांनुसार जहाज एका बाजूस १५ अंश कललेले राहिले किंवा दोन्ही बाजूंस २२.५ अंशांपर्यंत हेलकावत असले तरी यंत्र चालू राहिले पाहिजे. नाळ व वरवंडी, म्हणजे पुढची व मागची टोके, वरखाली होत असताना ७.५ अंशांपर्यंतचा हेलकावाही त्याने सोसला पाहिजे.

या अंशांचा अर्थ थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. ६० सेंटिमीटर रुंदीच्या चेंबरमध्ये १० सेंटिमीटर खोल तेल आहे, असे समजा. नौका २२.५ अंश कलली की मध्यापासून ३० सेंटिमीटरवरील एका कडेला तेलाची पातळी सुमारे १२ सेंटिमीटर चढू पाहते आणि दुसऱ्या कडेला तितकीच उतरू पाहते. तेल मुळात १० सेंटिमीटरच असल्यामुळे त्या बाजूचा तळ उघडा पडतो. पंपाच्या नळीचे तोंड नेमके तेथे असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. हवा दाबली की आकुंचन पावते, ती बेअरिंगचा भार उचलीत नाही. दुसरीकडे जेथे तेल चढते, तेथे फिरणारा क्रँकशाफ्ट त्यात बुडतो आणि ताक घुसळावे तसे तेल घुसळतो. त्याचा फेस होतो, शक्ती वाया जाते, तेल तापते. त्यातच नौकेचे इंजिन पुष्कळदा मुळातच मागील बाजूस उतरते बसविलेले असते, कारण पंख्याचा दांडा तिरपा जाऊन पाण्याखाली पोचावयाचा असतो. वेगवान नौकेत आणखी भर पडते. ती एकदम वेग घेते, वळते, लाटेवरून आपटते आणि प्रत्येक धक्क्यागणिक तेल चेंबरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाते.

यावर उपाय म्हणजे तेल तेथे ठेवूच नये. ड्राय संपमध्ये दोन निरनिराळे पंप असतात. एक उपसा करणारा आणि दुसरा पुरवठा करणारा. इंजिनाखालचे भांडे उथळ असते आणि त्यात पडलेले तेल उपसा पंप तत्काळ ओढून बाहेरच्या टाकीत पाठवितो. त्या टाकीच्या तळातून दाबपंप तेल घेतो आणि फिल्टरमधून बेअरिंगना देतो. हैदराबादच्या घरातील मोटार आणि गच्चीवरील टाकी यांचीच ही आवृत्ती होय. फरक इतकाच की, येथे खालचा संप कधीच भरू द्यावयाचा नसतो.

ही कल्पना नौकेसाठी प्रथम निघाली असे नाही. विमानांनी ती फार पूर्वी आपलीशी केली. १९४० च्या दशकात निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतील डेक्कन एअरवेज ही कंपनी हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून डकोटा विमाने उडवीत असे. १९५३ मध्ये विमान वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. डकोटाच्या इंजिनात चौदा सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सभोवार बसविलेले असत. त्यांतील खालचे सिलिंडर उलटे लोंबत असल्यामुळे तेलाचे भांडे खाली ठेवणे शक्यच नव्हते. ठेवले असते तर तेच सिलिंडर तेलाने भरले असते. म्हणून तेलाची टाकी निराळी होती. जुन्या बुलेट मोटारसायकलीतही हेच तत्त्व होते. तिच्या क्रँककेसमध्ये तेलाचा स्वतंत्र कप्पा असे, आणि तेल पुरविण्यास एक व परत नेण्यास एक असे दोन पंप असत. यावरून ड्राय संप म्हणजे काही दूरच्या प्रयोगशाळेतील नवल नव्हे, हे ध्यानात येईल.

आता ही व्यवस्था नौकेच्या इंजिनावर बसवावयाची तर काय काय पाहावे लागते?

पहिली गोष्ट पंपांचे प्रमाण. उपसा पंप हा दाबपंपापेक्षा मोठा असावा लागतो. वरवर पाहता हे चमत्कारिक वाटते, कारण जेवढे तेल आत जाते तेवढेच बाहेर यावयाचे. परंतु उपसा पंपाच्या वाट्याला शुद्ध तेल क्वचित येते. त्याला तेल, हवा व फेस यांचे मिश्रण ओढावे लागते. समजा, दाबपंप मिनिटाला ४० लिटर तेल देतो आणि उपसा पंपाची शक्ती ८० लिटरची आहे. तर तेलाबरोबर जवळजवळ तितकीच हवा तो टाकीत नेतो. पंप लहान पडला तर तेल हळूहळू इंजिनाच्या पोटात साचत जाते आणि टाकी रिकामी होते. लांब इंजिनात उथळ भांड्याच्या पुढील व मागील टोकांस उपशाची दोन तोंडे ठेवतात, आणि त्या प्रत्येकाला पंपाचा स्वतंत्र विभाग देतात. एकाच पंपाला दोन नळ्या जोडल्या तर उघड्या पडलेल्या तोंडातून हवा सहज येते आणि बुडालेल्या तोंडातील तेल तेथेच राहते.

दुसरी गोष्ट टाकी. ती बसकी व रुंद नसावी. उंच व अरुंद असावी. २० सेंटिमीटर व्यासाची उभी टाकी २२.५ अंश कलली तरी तिच्या कडेची पातळी मध्यापेक्षा अवघी ४ सेंटिमीटर बदलते. वर सांगितलेल्या चेंबरमध्ये हाच फरक १२ सेंटिमीटर होता. टाकीचे निर्गमद्वार तळाच्या मध्यभागी असले म्हणजे ते कोणत्याही कलात तेलाखालीच राहते. टाकीचे दुसरे काम तेलातील हवा काढून टाकण्याचे. त्यासाठी परत येणारे तेल वरच्या भागात भिंतीला चाटून, तिरपे सोडतात. ते गोल फिरत खाली उतरते, जड तेल बाहेरच्या बाजूस जाते आणि हवेचे बुडबुडे मध्याकडे येऊन वर निघतात. आत भोके पाडलेले आडवे पडदे बसविले तर तेल हिंदकळत नाही. वर मोकळी जागा अवश्य ठेवावी आणि हवा बाहेर पडण्यास रुंद नळी द्यावी. मात्र त्या नळीचे तोंड तप्त एक्झॉस्टजवळ कधीही नसावे. तेलाच्या वाफा तेथे पेट घेऊ शकतात. टाकीत २० लिटर तेल असेल आणि पंप मिनिटाला ४० लिटर नेत असेल, तर प्रत्येक थेंबाला विसाव्यासाठी सरासरी अर्धे मिनिट मिळते. त्या अर्ध्या मिनिटात हवा सुटली पाहिजे. म्हणून टाकीच्या आकारात काटकसर करणे हिताचे नसते.

तिसरी गोष्ट नळ्या. टाकीपासून दाबपंपापर्यंतची नळी सर्वांत महत्त्वाची. ती रुंद, आखूड आणि कमीत कमी वळणांची असावी. टाकीचा तळ पंपाहून उंच ठेवावा, म्हणजे तेल आपल्या वजनाने पंपाकडे येते. ही नळी ओढाईची असल्यामुळे तिच्या सैल सांध्यातून तेल गळत नाही; उलट हवा आत शिरते, आणि बाहेर खूण काहीच दिसत नाही. म्हणून नुसते कोरडे दिसले म्हणजे सांधा चांगला, असे समजू नये. इंजिन थरथरते आणि टाकी नौकेच्या सांगाड्याला घट्ट असते, म्हणून मध्ये तेल व उष्णता सोसणाऱ्या लवचिक नळीचा तुकडा हवा. टाकीखाली बंद करण्याची तोटी बसविली तर दुरुस्तीच्या वेळी सोय होते. पण ती उघडण्यास कोणी विसरला तर इंजिन वाचत नाही. अशी तोटी ठेवायचीच असेल तर ती बंद असताना इंजिन सुरूच होणार नाही, अशी अडकण तिला जोडावी.

चौथी गोष्ट गाळणे व थंड करणे. उपशाच्या तोंडाशी जाड जाळी असते, ती पंपाचे रक्षण करते. दाबपंपाच्या पुढे बारीक फिल्टर असतो, तो बेअरिंगचे रक्षण करतो. कूलर बहुधा उपसा पंप व टाकी यांच्या दरम्यान बसवितात आणि त्यातून नौकेबाहेरचे पाणी फिरवितात. खाऱ्या पाण्याने कूलरची नळी खाल्ली तर तेल व पाणी एकत्र होण्याचा धोका असतो. तेल दुधाळ दिसू लागले की पाणी शिरले असे समजावे आणि इंजिन चालवू नये.

एवढे सर्व बसविल्यावर लगेच इंजिन सुरू करावयाचे नसते. नव्या नळ्यांत वेल्डिंगचे कण, रबराचे तुकडे, धूळ राहून जाते. ती सर्व धुऊन काढावी. नंतर टाकीत तेल भरून दाबपंप हाताने किंवा विजेच्या साधनाने फिरवावा आणि दाबमापकाचा काटा वर येईपर्यंत थांबावे. त्यानंतर इंधन बंद ठेवून इंजिन नुसते फिरवावे. मगच ते मंद गतीने सुरू करावे. काटा काही क्षणांत वर आला नाही तर विचार करीत न बसता इंजिन बंद करावे. कूलर, फिल्टर व नळ्या तेलाने भरल्यामुळे टाकीतील पातळी उतरते, ती पुन्हा भरून घ्यावी. पहिल्या काही तासांनंतर फिल्टर उघडून त्यात धातूची चमक आहे काय ते पाहावे.

पातळी मोजण्याच्या बाबतीत येथे एक मोठी फसगत होते. साध्या इंजिनात तेल थांबलेल्या स्थितीत मोजतात. ड्राय संपमध्ये इंजिन बराच वेळ उभे राहिले की टाकीतील तेल पंपाच्या फटींतून झिरपत इंजिनाच्या पोटात उतरते. सकाळी टाकी पाहावी तर रिकामी वाटते. नवखा माणूस तीत तेल ओततो. इंजिन सुरू होताच उपसा पंप खालचे सर्व तेल टाकीत पाठवितो आणि ती उतू जाते. म्हणून पातळी उत्पादकाने सांगितलेल्या रीतीने, बहुधा तेल ऊन असताना व इंजिन चालू असताना, अथवा बंद केल्याबरोबर, पाहावी. डकोटाचे मेकॅनिक दीर्घ विश्रांतीनंतर इंजिन सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवीत, त्याचे कारणही खालच्या सिलिंडरांत झिरपलेले हेच तेल होय.

शेवटची परीक्षा पाण्यावरची. प्रथम बंदरात किंवा शांत पाण्यात वजने एका बाजूस सरकवून नौका कलती करावी आणि दाबमापक पाहावा. मग दुसऱ्या बाजूस. त्यानंतर पूर्ण वेगाने वळणे घ्यावीत. काटा क्षणभरही लटपटला तर त्याचे कारण शोधल्यावाचून नौका दूर नेऊ नये. दाब कमी झाल्याचा इशारा देणारी घंटा हवी. त्याबरोबर टाकीतील पातळी कमी झाल्याचा इशाराही हवा. कारण दाब पडतो तो शेवटी. पातळी त्याआधी उतरू लागते.

मोठ्या जहाजांत हेच तत्त्व थोड्या निराळ्या रूपात दिसते. तेथे इंजिनातील तेल आपल्या वजनाने खालच्या, जहाजाच्या दुहेरी तळातील टाकीत उतरते आणि स्वतंत्र पंप ते पुन्हा वर पुरवितात. एक पंप थांबला तर दुसरा आपोआप सुरू होतो. परंतु टाकी कितीही मोठी असली तरी तीत तेल पुरेसे नसेल तर व्यवस्थेचा उपयोग काय? २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यालगत 'व्हायकिंग स्काय' या प्रवासी जहाजावर हीच वेळ आली. जहाजावर १,३७३ माणसे होती. वादळात जहाज जोराने हेलकावू लागले, टाक्यांतील तेल हिंदकळले, तेलाचा दाब तुटला आणि चालू असलेली सर्व इंजिने पाठोपाठ थांबली. जहाज खडकांकडे वाहत गेले आणि अगदी थोडक्यात बचावले. ४७९ प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. चौकशीत आढळले की, टाक्या ६८ ते ७५ टक्के भरलेल्या असाव्यात असे इंजिनाच्या उत्पादकाचे सांगणे असता त्या २८ ते ४० टक्केच भरलेल्या होत्या.

त्याआधी १ ऑक्टोबर २०१५ रोजी बहामा बेटांजवळ 'एल फारो' हे मालवाहू जहाज चक्रीवादळात बुडाले आणि ३३ माणसे गेली. ते वाफेच्या टर्बाइनवर चालत असे. तेलाच्या ओढाईचे तोंड टाकीच्या मध्यापासून उजव्या बाजूस होते. जहाज उजवीकडे कलले होते तोपर्यंत ते तोंड तेलात राहिले. कल डावीकडे गेल्यावर थोड्याच वेळात तेलाचा दाब गेला, टर्बाइन थांबले आणि वादळाच्या तोंडी जहाज निराधार झाले. टाकीतील तेलही शिफारशीपेक्षा कमीच होते. जहाज बुडण्यास इतरही कारणे होती. परंतु नळीचे एक तोंड कोठे ठेवले आहे, एवढ्या लहान गोष्टीला किती महत्त्व असते, हे यावरून दिसते.

यावरून प्रत्येक नौकेला छोट्या उपसा पंपांची ही ड्राय संप व्यवस्था बसवावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तीत पंप जास्त, नळ्या जास्त, सांधे जास्त. म्हणून खर्च जास्त आणि बिघडण्याच्या जागाही जास्त. तलावावर संथपणे माणसे फिरविणाऱ्या लाँचला, किंवा खोल चेंबर असलेल्या मंद गतीच्या मासेमारी नौकेला, पडदे घातलेला साधा संप पुरेसा असतो. वेगाने धावणारी, फार कलणारी, किंवा इंजिन अगदी खाली बसवावे लागणारी नौका असेल तर मात्र ड्राय संपचा विचार करावा. आणि तो करावयाचा तर पंपाच्या प्रमाणापासून घंटेपर्यंत पूर्ण करावा. अर्धवट बसविलेल्या ड्राय संपपेक्षा नीट सांभाळलेला साधा संप केव्हाही बरा.

यंत्राची रचना कोणतीही असो, टाकीत किती तेल आहे हे दररोज पाहून वहीत नोंदविण्याचे काम शेवटी माणसाकडेच राहते. त्या कामाला दोन मिनिटे लागतात. किनारा दूर असताना आणि नौका कलत असताना, त्या दोन मिनिटांवर नौकेतील सर्वांचा भरवसा असतो.